कोपराखालची दोन्ही हाडं मोडली: प्लेट, रॉड की प्लास्टर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोठा भाऊ, वय ३६, कारखान्यात फिटर. मोटारसायकल घसरली आणि उजव्या हाताची कोपर आणि मनगट यांच्यामधली दोन्ही हाडं मोडली. आज चौथा दिवस, हाताला कच्चं प्लास्टर आहे. एका डॉक्टरांनी दोन्ही हाडांना प्लेट टाकायला सांगितलं. दुसरे म्हणाले, बारीक छेदातून रॉड टाकू, टाके दोन-चारच, खर्चही कमी. घरातली थोरली मंडळी म्हणतात, एवढी चिरफाड कशाला, गावाकडचा हाडवैद्य पट्टी बांधून देतो, शेजारच्या पोराचा हात असाच जुळला. यात बरोबर कोण? आणि प्लेट टाकलीच तर ती पुढे काढावी लागते का?

मी २२ वर्षं हाडांच्या शस्त्रक्रिया करतो आहे आणि त्यात अपघाताचे रुग्ण जास्त. तुमच्या भावाचा एक्सरे मी पाहिलेला नाही, हात तपासलेला नाही, त्यामुळे अखेरचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण आम्ही कशावरून काय ठरवतो ते सांगतो, म्हणजे त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

त्याआधी एक तातडीचं. आत्ता भावाची बोटं बघा. बोटं सुजून टम्म झाली आहेत का, बधिर आहेत का, आणि तुम्ही बोट हलकेच सरळ केलं तर तो ओरडतो का? औषध घेऊनही कळ वाढतच चालली असेल, तर प्लास्टर आणि आतली पट्टी तळापर्यंत कापून ताबडतोब दवाखान्यात न्या, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. या भागात स्नायू घट्ट आवरणात बांधलेले असतात. आतली सूज एका मर्यादेपलीकडे गेली की रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. हाडवैद्याच्या घट्ट पट्टीबद्दल माझा आक्षेप इथे आहे. बांबूच्या कामट्या लावून करकचून आवळलेला हात दोन दिवसांनी माझ्याकडे आला आणि बोटं कायमची वाकडी राहिली, असे रुग्ण मी पाहिले आहेत. नंतर कितीही चांगलं ऑपरेशन केलं तरी तो हात परत मिळत नाही. यातलं काही नसेल तर हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा, बोटातली अंगठी काढा, बोटं हलवायला सांगा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय की हाड कशाने जुळेल. मोठ्या माणसाच्या या दोन हाडांबाबत खरा प्रश्न तो नाहीच. खरा प्रश्न असा, की जुळल्यावर हात फिरेल का?

हे वाचताना एक करून बघा. कोपर बरगडीला चिकटवा, हात काटकोनात वाकवा, मुठीत पेन उभं धरा. आता तळहात छताकडे करा, मग जमिनीकडे. पेन जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरलं. या फिरण्यात करंगळीच्या बाजूचं हाड, म्हणजे अल्ना, जवळपास जागच्या जागी राहतं. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस त्याच्याभोवती फिरतं आणि तळहात खाली केला की त्याच्यावर तिरकं येतं. हे जमतं, कारण रेडियस सरळ नाही. त्याला बाहेरच्या बाजूला एक बाक असतो, मोठ्या माणसात साधारण दीड सेंटीमीटरचा. बादलीची कडी गोलसर असते म्हणून ती तोंडावरून इकडची तिकडे जाते. ठोकून सरळ केली तर काठाला अडेल. रेडियसचंही तसंच. कॅनडातल्या शेमिच आणि रिचर्ड्स या सर्जननी १९९२ साली प्लेट बसवलेल्या रुग्णांमध्ये हेच मोजलं: ज्यांच्या रेडियसचा बाक जिथल्या तिथे आणि जेवढ्यास तेवढा परत आला, त्यांचं फिरणं आणि मुठीची ताकद चांगली राहिली.

म्हणून आम्ही या दोन हाडांकडे दोन दांडे म्हणून बघत नाही. हा सगळा भागच एक सांधा आहे असं समजतो. गुडघ्याच्या सांध्यात पायरी राहिलेली आपण चालवून घेत नाही, तसाच इथे बाक, लांबी आणि पीळ या तिन्हींत झालेला फरक चालवून घ्यायचा नाही.

फिरणं किती लागतं? मॉरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रोजची कामं मोजली, तेव्हा बहुतेक कामं तळहात वर ५० अंश आणि खाली ५० अंश एवढ्यात उरकतात असं दिसलं. पण तुमचा भाऊ फिटर आहे. पाना, स्क्रू ड्रायव्हर, मशीनच्या पोटात हात घालून नट सोडवणं, याला त्याहून जास्त लागतं. शिवाय तळहात खाली होत नसेल तर माणूस खांदा बाजूला उचलून काम भागवतो. तळहात वर होत नसेल तर त्याला पर्याय नाही. तोंड धुवायला ओंजळ करता येत नाही, घास तोंडाकडे नेताना सांडतो, देवळात तीर्थ घेताना डावा हात पुढे करावा लागतो.

एक भाजीविक्रेत्या बाई मला आठवतात. दोन्ही हाडं मोडली होती, कुठेतरी तीन महिने प्लास्टर झालं. हाड जुळलं होतं, एक्सरेवर भरपूर नवं हाड दिसत होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दुखत काही नाही, पण गिऱ्हाईकाचे सुट्टे पैसे या हातात घेता येत नाहीत, पडतात." उजवा तळहात उभ्या स्थितीच्या पुढे वळतच नव्हता. जुळलेलं हाड पुन्हा कापून, बाक आणि पीळ सुधारून प्लेट टाकावी लागली. पहिल्याच आठवड्यात जे काम दीड-दोन तासांत झालं असतं, त्याला चार तास लागले आणि फिरणं आलं ते पूर्ण नाहीच.

प्लास्टर इथे कमी का पडतं ते यावरून कळेल. प्लास्टर बाहेरून धरतं, मध्ये स्नायूंचा जाड थर आहे, आणि तेच स्नायू मोडलेल्या तुकड्यांना वेगवेगळ्या दिशांना पिळत असतात. वरचा तुकडा तळहात वर करण्याच्या दिशेने ओढला जातो, खालचा त्याच्या उलट. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि तुकडे हळूहळू सरकतात. मग शेजारच्या पोराचा हात कसा जुळला? तो पोर होता म्हणून. लहान मुलांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, ते तुकडे धरून ठेवतं, आणि थोडा वाक राहिला तरी वाढत्या वयात हाड स्वतःला सरळ करत नेतं. छत्तिसाव्या वर्षी ही सोय उरलेली नसते.

प्लास्टर किंवा पट्ट्याची ब्रेस मोठ्यांमध्येही पुरते, असा एक प्रकार मात्र आहे. कुणी काठी उगारली आणि ती अडवायला हात आडवा केला, तर एकटं अल्ना मोडतं. तुकडे हाडाच्या निम्म्या जाडीपेक्षा कमी सरकलेले असतील, वाक १० अंशांच्या आत असेल आणि कोपर, मनगट शाबूत असेल, तर मी ऑपरेशनचा आग्रह धरत नाही. तुमच्या भावाची दोन्ही हाडं मोडलेली आहेत, त्यामुळे ते त्याला लागू नाही.

आता रॉड. दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेलं बहुधा स्क्वेअर नेल असावं. आपल्याकडे त्याला तळवलकर नेल म्हणतात, स्वस्त आहे आणि बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. अल्नात कोपराच्या टोकाकडून आणि रेडियसमध्ये मनगटाकडून हाडाच्या पोकळीत ती चौकोनी सळई सरकवतात. मोडलेली जागा उघडावी लागत नाही, व्रण छोटा, तिथलं रक्ताळलेलं आवरण जागच्या जागी राहतं. हे फायदे खरे आहेत.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही ती टाकली आहे. एका तरुणाचं रेडियस आणि अल्ना दोन्हींत नेल घातले. दुसऱ्या दिवशीचा एक्सरे मी अभिमानाने वरिष्ठांना दाखवला, दोन्ही हाडं पट्टीने आखल्यासारखी सरळ. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, रेडियसवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "हे सरळ का आहे?" मला उत्तर देता आलं नाही. सळई सरळ होती, तिने हाडही सरळ केलं होतं. त्या मुलाचा हात पुढे जुळला, पण फिरणं निम्मंच राहिलं. तो दोष माझा होता.

दुसरी अडचण पिळाची. साधा नेल हाडाच्या दोन्ही टोकांना स्क्रूने पक्का केलेला नसतो. पोकळीत तो सैल बसला तर तुकडे त्याच्याभोवती फिरू शकतात, म्हणून वरून काही आठवडे प्लास्टर लागतं आणि त्यात कोपर-मनगट आखडतं. आधीच बाक दिलेले आणि दोन्हीकडे स्क्रू घालता येणारे नवे नेलही आहेत, त्यांत ही अडचण कमी होते. पण ते घालायला सराव लागतो आणि ते सगळीकडे मिळत नाहीत.

तरीही रॉडला मी सरसकट नाही म्हणत नाही. कातडी चिरडलेली किंवा भाजलेली असेल आणि तिथे छेद घ्यायची सोय नसेल, रुग्ण इतर गंभीर जखमांमुळे लांब ऑपरेशन सोसण्याच्या स्थितीत नसेल, किंवा अल्ना दोन जागी मोडून मधला तुकडा सुटा झाला असेल, तर रॉड विचारात घेतो. अल्ना बरंचसं सरळ आहे, त्याला सळई मानवते. म्हणून काही वेळा रेडियसला प्लेट आणि अल्नाला रॉड अशी जोडीही करतात. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना नुसतं "रॉड चालेल का" असं विचारू नका. "रॉड कुठल्या हाडात, रेडियसचा बाक कसा राखणार, आणि वरून प्लास्टर किती दिवस?" असं विचारा. यातली पहिली दोन उत्तरं नीट मिळाली तर त्यांच्या बोलण्याला वजन आहे.

प्लेटबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण भावाचा मोड साधा, बंद (म्हणजे वरची कातडी न फाटलेला) आणि हाडांच्या मधल्या भागातला असेल तर मी तीच निवडेन. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जननी एकत्र येऊन एओ हा गट काढला. तुकडे तंतोतंत जुळवायचे, दाबून धरायचे आणि सांधा लगेच हलवायचा, हा त्यांचा आग्रह होता. कोपराखालच्या हाडांना त्याचा फार फायदा झाला. १९७५ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी दाबून बसवणाऱ्या प्लेटचे निकाल मांडले, त्यात रेडियस सुमारे ९८ टक्के आणि अल्ना सुमारे ९६ टक्के रुग्णांत जुळलं होतं. इतक्या वर्षांत त्याहून फारसं पुढे जाण्याची गरज पडलेली नाही.

दाब येतो कसा, तेही सांगतो. प्लेटची भोकं गोल नसतात, लांबट असतात. ड्रिल भोकाच्या मधोमध न धरता मोडीपासून दूरच्या कडेला धरायचं. हाड नळीसारखं पोकळ, त्यामुळे प्रत्येक स्क्रू त्याच्या दोन भिंतींतून जातो. ड्रिल पहिल्या भिंतीतून गेलं की आवाज हलका होतो आणि दुसऱ्या भिंतीला लागलं की पुन्हा जड होतो. तिथे हात आवरायचा, पलीकडे नसा असतात. मग स्क्रू पिळत नेला की त्याचं डोकं भोकाच्या उतारावरून घसरतं आणि हाडाला सोबत ओढतं. शेवटच्या दोन आट्यांना मोडीची रेघ डोळ्यांदेखत मिटते. ती मिटताना अजूनही मला बरं वाटतं.

मोठ्या माणसाला साडेतीन मिलीमीटर स्क्रूची प्लेट लागते आणि मोडीच्या प्रत्येक बाजूला स्क्रूने हाडाच्या निदान सहा भिंती धरलेल्या असाव्यात, म्हणजे तीन-तीन स्क्रू. दोन हाडांना दोन स्वतंत्र छेद घेतात. एकाच छेदातून दोन्ही हाडं गाठली तर मधल्या जागेत हाडाचा पूल तयार होऊन दोन्ही एकमेकांना चिकटण्याची भीती असते, आणि मग फिरणं संपतं. तेव्हा दोन व्रण बघून घाबरू नका, ते मुद्दाम ठेवलेले असतात. रेडियसच्या वरच्या भागात बोटं उचलणारी नस हाडाला वेढा घालून जाते. समोरून जाताना तळहात वर वळवून ठेवला की ती बाजूला सरकते. मोड तिथे असेल तर ऑपरेशननंतर काही आठवडे बोटं उचलायला जड जाऊ शकतात, हे आधीच विचारून ठेवा.

टाके घालण्याआधी मी हात दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघतो. कुठे अडत असेल तर प्लेट सोडून पुन्हा जुळवणी. याच वेळी मनगटाचा सांधाही हलवून बघायचा, कारण रेडियसच्या मोडीबरोबर तो निखळलेला असू शकतो. त्याला गालेआझी म्हणतात. अल्ना मोडून कोपराकडे रेडियसचं डोकं निखळलं तर ते माँटेजिया. यातलं माँटेजिया तर १८१४ पासून वर्णन केलेलं आहे, तरी आजही नजरेतून सुटतं, आणि ते बहुधा एक्सरे अर्धाच काढल्यामुळे. भावाच्या फिल्मवर कोपर आणि मनगट दोन्ही दिसतात का, ते आजच बघा. दिसत नसतील तर नवा एक्सरे मागा.

हाडाचा चुरा झाला असेल तर रीत बदलते. तेव्हा प्रत्येक तुकडा जुळवत बसत नाही. लांब प्लेट पुलासारखी टाकून लांबी, बाक आणि पीळ राखायचे आणि मधले तुकडे त्यांच्या आवरणासह सोडून द्यायचे. जखम उघडी आणि मातीने भरलेली असेल, तर आधी धुणं, मेलेला भाग काढणं, गरज पडली तर बाहेरून फिक्सेटर (हाडात पिना घालून बाहेर जोडलेला सांगाडा), आणि प्लेट नंतर.

प्लेट कुठली घ्यायची, हेही लोक विचारतात. लॉकिंग (स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच घट्ट बसतं ती), टायटॅनियम, आयात केलेली. छत्तीस वर्षांच्या माणसाच्या घट्ट हाडाला, साध्या मोडीत, स्टीलची साधी दाबून बसणारी प्लेट पुरते. लॉकिंगचा उपयोग ठिसूळ हाडात, चुऱ्यात किंवा सांध्याजवळच्या मोडीत जास्त. उलट टायटॅनियमच्या लॉकिंग स्क्रूची डोकी कधी कधी प्लेटमध्ये अशी जाम होतात की पुढे काढताना घाम फुटतो. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. चार-पाच दिवस इकडे तिकडे झाल्याने बंद मोडीचं बिघडत नाही. दोन-तीन आठवडे मात्र घालवू नका, तुकडे चिकटायला लागतात.

थोडक्यात, भावासाठी माझा कौल: साधा बंद मोड असेल तर दोन्ही हाडांना प्लेट. कातडी खराब असेल किंवा अल्ना दोन जागी मोडलं असेल तर रॉडचा विचार. प्लास्टर फक्त ऑपरेशनच्या दिवसापर्यंत. हाडवैद्य नाही.

ऑपरेशननंतर मी सहसा प्लास्टर ठेवत नाही. भूल उतरली की बोटं, दोन-तीन दिवसांत कोपर, आणि दुखणं सोसेल तसं तळहात वर-खाली. टाके १२ ते १४ दिवसांनी निघतात. जेवण, लिहिणं लवकर जमतं. पण पाणी भरलेली बादली, मोटारसायकल आणि कारखान्यातलं काम एक्सरेवर हाड जुळलेलं दिसेपर्यंत नाही, म्हणजे साधारण तीन ते चार महिने. दुसऱ्या महिन्यात एक्सरे बघून नातेवाईक हमखास म्हणतात, "नवीन हाड तर काहीच दिसत नाही." प्लेटने दाबून बसवलेलं हाड बाहेर गाठ न धरता आतल्या आत जुळतं. रेघ हळूहळू पुसट होत जाते, आणि तेच हवं असतं. भाऊ तंबाखू, मिश्री किंवा सिगारेट घेत असेल तर ती आजच बंद करा. न जुळलेली हाडं घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

राहिला प्लेट काढण्याचा प्रश्न. त्रास नसेल तर काढू नका. अल्ना कातडीच्या लगेच खाली असतं, म्हणून टेबलावर हात टेकताना ती प्लेट टोचू शकते. तेवढी एक काढली तरी चालते. पण दीड-दोन वर्षांच्या आत नाही. प्लेटखालचं हाड तोवर नाजूक असतं, स्क्रूची भोकं रिकामी होतात आणि त्याच जागी पुन्हा मोडण्याचा धोका असतो. शिवाय दुसऱ्यांदा उघडताना नस व्रणात अडकलेली सापडते, म्हणून रेडियसच्या प्लेटला मी कारण असल्याशिवाय हात लावत नाही. काढलीच, तर पुढचे दोन-तीन महिने तो हात जड कामाला लावायचा नाही. भावाच्या साहेबांना तसं डॉक्टरांकडून लिहून आणून द्या, कारण व्रण भरलेला दिसला की कारखान्यात कुणीतरी पाना हातात देतंच.